चार बोटं रुंद

सन्मतीच्या दप्तरातून रोज एक खोकं परत येतं,
आंब्याच्या रसाचं, नळी आत ढकललेली.
मी ते कात्रीनं उभं चिरते, घड्या उलगडते,
मुंग्यांना वास लागायच्या आत धुऊन
खिडकीच्या गजाला चिमट्यानं टांगते.

आतली बाजू चंदेरी.
आप्पांनी पहिल्या दिवशी ती अंगठ्यानं घासली,
नखानं टोकरली, कानाशी नेऊन वाजवली.
म्हणाले, "टंच शून्य."

मला टंच नको होता, ओरखडा हवा होता.
सुई टेकवली की त्या मुलाम्यावर रेघ उठते
आणि मुलामा सोलला की खालचा पुठ्ठा उघडा पडतो,
तहानलेला. शाई तिथंच मुरते.
शाई शफी मोमीनच्या छापखान्यातली,
लग्नसराईतून उरलेली, डबीत साय धरलेली.
कागदही त्याचाच, चुकलेल्या पत्रिकांची कोरी पाठ.
पुसायला जुनं धोतर.
दाबायला काहीच नव्हतं.

लाटणं झालं. वरवंटा झाला.
एक स्कूटरच्या चाकाखाली घातलं,
ते टायरचीच नक्षी घेऊन आलं.

मग मागच्या खोलीत, पोत्याखाली,
पट्टा लाटायचं मशीन.
हुपरीत आमच्या गल्लीत जेवायला बसलं
तरी शेजारच्या मशीनचा आवाज ताटात पडायचा.
आमचं तीन वर्षं गप्प आहे.
रूळ चार बोटं रुंद,
म्हणजे माझी चित्रंही चार बोटं रुंद.

खाली खोकं, वर भिजला कागद,
त्यावर पट्टणकोडोलीच्या घोंगड्याचा तुकडा.
हँडल ओढलं. कागद फाटला.
सैल केलं, तर दुसरा घसरला.
तिसऱ्यावर नळीचं भोक तेवढं, एक गोल,
बाकी धुकं.

"आवाज पोकळ येतोय," ओसरीवरून आप्पा.
"पाव आटा आवळ."
पाव म्हणजे किती ते मला कळेना.
मोतीबिंदू पिकलेला, तरी भिंत धरत आले,
खोक्याची कड दातांत धरून जाडी पाहिली,
स्क्रू फिरवला, थांबले, केसभर मागे घेतला,
आणि हँडलला हात घातला.
मी बाजूला झाले.

हात आला.
त्यांचाच कोरला होता मी, डावा,
दुपारी ते झोपलेले असताना:
शिरा, नखं, आणि मधलं बोट
जे अर्ध्यातच संपतं.
याच रुळात गेलेलं, माझ्या जन्माआधी,
दिवाळीच्या ऑर्डरीच्या घाईत.

त्यांनी कागद नाकाला लावला. बराच वेळ.
"ह्यो उजवा हाय की गं."
छापताना उलटं होतं, आप्पा.
त्यांनी दोन्ही पंजे उजेडात धरले,
उजव्याचं मधलं बोट वाकवून पाहिलं,
सरळ केलं, परत वाकवलं.
"हाय," म्हणाले.

एक खोकं आठ छाप देतं.
नववा पिकल्या केसासारखा,
दहाव्यात घड्यांच्या खुणा
आणि कोपऱ्यात उलटी, दाबून उठवलेली तारीख:
कधीपर्यंत प्यायचं ती.

संध्याकाळी सोललेल्या चंदेरी पापड्या झाडून
सुपलीत घेऊन उकिरड्याकडे निघाले, तर
"थांब."
या घरातला केर बाहेर जात नाही.
उंबऱ्याची धूळ, पायपुसणं, न्हाणीतला गाळ,
सगळं पत्र्याच्या डब्यात,
झारेकरी येऊन धुऊन नेईपर्यंत.
तीन वर्षांत डबा वितभरसुद्धा भरला नव्हता.
पण यात चांदी नाही, आप्पा.
"ते त्येला धुतल्यावर कळंल."
आणि डब्याचं झाकण त्यांनीच उघडलं.

पैंजणं टांगायच्या तारेवर
आठ उजवे हात वाळत होते.
सन्मती खाली उभा राहून बोटं मोजत होता:
साडेचार, नऊ, साडेतेरा…